मावशी थांबत नाही

४ मार्च

नव्या नोकरीचा पहिला दिवस. काम काय आहे ते एकदा नीट लिहून ठेवते, म्हणजे कुणी विचारलं तर प्रत्येकाला वेगळं सांगावं लागणार नाही.

शर्यतीच्या मैदानावर, प्रेक्षकांच्या गॅलरीच्या छपराला चिकटून एक छोटी खोली आहे. तिथे फोटो-फिनिशचा कॅमेरा बसवला आहे. तो शेवटच्या रेषेकडे बघतो, आणि फक्त रेषेकडेच, एका केसाएवढ्या उभ्या फटीतून. फटीसमोरून जे जातं त्याचे सेकंदाला हजारो काप घेतो आणि ते एकाशेजारी एक चिकटवून लांब पट्टी तयार करतो. त्यामुळे दिसायला तो फोटो असला तरी त्यात जागा नसते, फक्त वेळ असतो. पट्टीत पुढे दिसणारा घोडा पुढे नसतो, तो आधी आलेला असतो. हळू जाणारा घोडा लांबट दिसतो. आणि जे हलतच नाही, त्याची नुसती आडवी रेघ होते.

कारखान्यात मी हेच करत होते. सरकत्या पट्ट्यावरून बाटल्या जायच्या आणि कॅमेरा तडे शोधायचा. कारखाना बंद पडला. आता बाटल्यांच्या जागी घोडे.

धाकटी बहीण इथेच शिकाऊ जॉकी आहे, हे रुजू होतानाच लेखी दिलं. ते जजसाहेबांनी वाचलं. निकाल तेच देतात. वय झालेलं, बोलणं कोरडं. म्हणाले, "बहीण घोड्यावर, तुम्ही कॅमेऱ्यावर, निकाल माझ्यावर. तुम्ही फक्त चित्र द्यायचं. रेघ मी ठेवणार. जमेल?"

"जमेल, सर."

नोकरी घेण्याशी बहिणीचा काही संबंध नाही.

६ मार्च

आईचा फोन. पहिला प्रश्न, "दिसते का गं ती तुला तिथून?"

समजावून सांगितलं की मला फक्त रेषा दिसते.

"म्हणजे पडली तर दिसणार नाही तुला?"

"रेषेवर पडली तर दिसेल."

आईने कढईत झारा आपटला. मग म्हणाली, "तू पण ना!" आणि भाजी करपतेय म्हणून फोन ठेवला. आपण काही चुकीचं सांगितलं असं वाटत नाही.

९ मार्च

सकाळी सरावाच्या वेळी कॅमेरा तपासला. घोडे रेषेजवळ येतात तेव्हा खोलीच्या जमिनीला कंप येतो. टेबलावरचा चहा हलतो. घोडे दिसायच्या आधी चहाला कळतं. कॅमेऱ्याखाली रबर लावायला हवं.

रबर लावलं. चित्र स्थिर झालं. कंप तरीही छातीत जाणवतो. खोली लाकडी आहे, म्हणून असेल.

११ मार्च

जेवणाच्या सुट्टीत बहिणीने तबेल्यात ओढत नेलं. घरी तिला सगळे खडू म्हणतात. लहानपणी होतीच तशी, पांढरी आणि किरकोळ. अजूनही आहे. एका हाताने मोडेल असं वाटतं.

ती जिच्यावर बसते ती घोडी पाहिली. कार्यक्रमपत्रिकेवर तिचं लांबलचक, भारदस्त नाव आहे, पण तबेल्यात तिला मावशी म्हणतात, कारण शेजारच्या लहान घोड्यांना ती सतत दटावत असते. पट्टीवर मी तिला दोनदा मोजलं होतं. तिची लांबी, उंची मला ठाऊक होती. पण ठाऊक असणं वेगळं आणि तिने येऊन आपलं डोकं माझ्या खांद्यावर ठेवणं वेगळं. ते डोकं माझ्या धडाएवढं होतं. मानेखाली एक शीर होती, माझ्या बोटाएवढी जाड, आणि ती उडत होती. इतक्या मोठ्या जीवाचं रक्त मी आजवर कधी असं चालताना पाहिलं नव्हतं.

"घाबरलीस?" खडूने विचारलं.

"नाही."

"मग मागे का सरकलीस?"

"तिला जागा दिली."

खडू हसत सुटली. "मावशी, ही माझी ताई. बाटल्या मोजायची. आता तुला मोजणार."

तेवढ्यात ट्रेनर आल्या. त्यांना सगळे बाई म्हणतात. माझ्याकडे मान हलवली आणि खडूला धरलं. "काय गं, आज सकाळी काय चाललं होतं? शेवटचा खांब गेला, वळण आलं, तरी घोडी पळतेच आहे! सरावाला निघाला होतात की गाव सोडून?"

"थांबतच नाही बाई ती. मी ओढते लगाम, ती उलट अजून जोर करते."

"ती करणारच. थांबवायचं काम तुझं आहे. हंगामाच्या पहिल्या दिवशी तुला बसवतेय ती हात बघायला. चूक झाली तर मावशीवर पुढच्या वेळी मोठा जॉकी बसेल आणि मग सगळा हंगाम तोच बसेल. तू तबेला झाड."

बाई गेल्या. खडूने मावशीच्या नाकावर नाक टेकवलं. एवढी घोडी, तिच्यासमोर ही काडी. आणि घोडी शांत उभी.

कपड्यांना वास येतोय. धुवायला टाकले नाहीत अजून. उद्या टाकीन.

१५ मार्च

या वर्षी शेवटची रेषा पुढे सरकवली आहे. जुन्या जागेचं गवत पार झिजलंय, त्याला विश्रांती हवी. आमची खोलीही म्हणूनच नवी. रेषा दाखवणाऱ्या नव्या खांबावर लाल तबकडी बसवली. जुन्यावरची काढली, पण खांब मात्र तसाच उभा आहे, पांढराशुभ्र.

मैदानाच्या मुकादमाला विचारलं. तो म्हणाला, "मॅडम, त्याच्या बुडाशी पाण्याचा पाइप आहे. आता उपटला तर गवताला पाणी नाही, आणि गवत वाळलं तर माझी नोकरी वाळली. पहिल्या दिवसाच्या शर्यती होऊ द्या, मग काढतो."

"निदान रंग तरी बदला."

"हिरवा मागवलाय. आला की मारतो."

फोटोवाले मात्र अजून त्या जुन्या खांबापाशीच घोळका करून उभे राहतात. सवय. तो खांब माझ्या फटीत येत नाही, म्हणजे माझ्या कामात येत नाही. वर कळवलं नाही.

१८ मार्च

खडूबरोबर चहा. तिने मला बशीवर चमच्याने मैदान काढून दाखवलं. कुठे दम धरायचा, कुठे सोडायचा. "शेवटच्या वळणानंतर मी काही बघत नाही, ताई. फक्त तिचे कान आणि खांब. सगळा हिवाळा रोज तिथेच घोडी सोडलीय. डोळे मिटून सांगेन खांब कुठे आहे ते."

"तो आता खांब नाही."

"माहितीये गं. सगळ्यांना पायी चालवून दाखवली नवी रेषा. तू काय मला पहिलीत घालतेस?"

मग म्हणाली, "तू माझी एकही रेस बघितलेली नाहीस. ठाऊक आहे ना तुला?"

मी म्हटलं, कारखान्यात सुट्टी मिळायची नाही.

"रविवारी पण?"

बिल मी दिलं.

२१ मार्च

हिरवा रंग आला नाही.

२३ मार्च. शर्यतींचा पहिला दिवस

सगळं क्रमाने लिहायला बसले आहे. जमेल असं वाटत नाही, पण प्रयत्न करते.

सकाळी थंडी होती. गॅलरी भरायला लागली तसा आवाज वर येऊ लागला. आधी समुद्रासारखा, मग अगदी जवळ, जणू खालचा मजला म्हणजे एक मोठं भांडं आणि त्यात काहीतरी उकळतंय. जजसाहेब टाय लावून आले. पहिल्या तीन शर्यती सरळ झाल्या. एकीत नाकाचा फरक होता. मी चित्र दिलं, त्यांनी रेघ ठेवली, निकाल गेला. हात स्थिर होते. बाटल्याच आहेत, असं मी दोनदा मनाशी म्हटलं.

चौथी शर्यत खडूची.

घोडे सुटले. नियमाप्रमाणे माझे डोळे पडद्यावर हवेत. कॅमेरा आपोआप चालतो, पण घोडे रेषेवर येताना मी पडदाच बघायला हवा. शेवटच्या वळणापर्यंत मी पडदाच बघितला. पडद्यावर गवताच्या रेघा सरकत होत्या. काहीच घडत नव्हतं.

मग टेबलावरचा चहा हलला आणि मी मान वर केली.

हे कसं लिहू? मी रोज घोडे मोजते. पण ते नेहमी एकेक येतात, काप काप होऊन. आज ते एकत्र आले, वळणावरून, एका भिंतीसारखे, आणि ती भिंत श्वास घेत होती. अनेक घोडे पळतायत असं वाटलंच नाही. जमिनीलाच पाय फुटलेत आणि ती आमच्याकडे निघालीय असं वाटलं. रंगीत टोप्या, मानांवरचा फेस, उडणारी मातीची ढेकळं. आणि त्या सगळ्यात एक पिवळी टोपी बाहेरच्या बाजूने सुटली. मावशी. ती नुसती पुढे गेली नाही. बाकीचे सगळे जागच्या जागी थांबलेत असं वाटायला लागलं. कान मागे पडलेले, पोट जमिनीला घासेल इतकी खाली. आणि वर खडू, इतकी लहान, इतकी सपाट, की घोडीच्या पाठीवर पडलेला दुमडलेला कागद वाटावा. ही माझ्या घरातली आहे, असं वाटून गेलं. हीच अंथरुणात पाय लांब करून झोपायची आणि मला भिंतीला लोटायची.

मी उभी राहिले होते. केव्हा उठले ते आठवत नाही.

मावशी दीड घोडा पुढे होती. जुना खांब आला. पांढराशुभ्र. शेजारी फोटोवाल्यांचा घोळका. आणि खडू रिकिबीत उभी राहिली. शर्यत संपल्यावर जॉकी उभे राहतात तशी, सरळ, हात सैल. शर्यत संपली नव्हती.

मी काही ओरडले का? जजसाहेब नंतर म्हणाले, हो. मला ऐकू आलं नाही.

मागून मोठ्या जॉकीचा काळा घोडा आला. तो थांबलेला नव्हता. अंतर मिटत होतं. आणि मावशी, जिच्या पाठीवरचा जीव आता तिला काहीच सांगत नव्हता, जिला थांब म्हणूनच सांगितलं जात होतं, ती थांबली नाही. एक क्षण वेग उतरला. मग तिने मान अजून लांब काढली आणि पळतच राहिली. खांब गेला तरी पळते, म्हणून जिला रोज सकाळी बोलणी बसत होती, ती.

पुढे मला दिसलं नाही, कारण त्याच क्षणी मी खाली पडद्याकडे बघितलं.

पट्टी तयार झाली. दोन घोडे. दोघांची नाकं एकाच रेघेवर. शेपट्या मात्र नाहीत. मावशीची शेपूट जरा मागे, म्हणजे ती उशिरा गेली, म्हणजे तिचा वेग उतरलेला. पाठीवर खडू सरळ उभी. तोंड उघडं. काहीतरी बोलत असल्यासारखी.

जजसाहेब खुर्ची ओढून बसले. त्यांनी रेघ ठेवली, मी हात मागे घेतले. रेघ काळ्या घोड्याच्या नाकाला लागली. तीच रेघ मावशीच्या नाकाला लागली. त्यांनी ती उचलून परत ठेवली.

"मॅडम, अजून मोठं होतं का चित्र?"

"होतं, सर. पण नवीन काही दिसणार नाही."

"का?"

"याच्याहून बारीक वेळ आपल्याकडे नाही."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावून बघितलं. मीही बघत होते. अशाच यंत्राने मी काचेतला असा तडा शोधला आहे जो कुणाच्या बापाला दिसला नसता. आज या यंत्राला दोन नाकांत फट सापडत नव्हती. इतक्या लांबून ते पळत आले, माती, वारा, वळण, चूक, सगळं पार करून, आणि सगळ्यात बारीक कापातसुद्धा ते एकत्र होते. माझ्या चष्म्याच्या काचा धूसर झाल्या. खोली कोंदट आहे. खिडकीचं सांगायला हवं.

"बरोबरी," जजसाहेब म्हणाले. मग हळूच, "चाळीस वर्षांत मला असं चित्र मिळालेलं नाही."

त्यानंतर चौकशी. तिघंजण टेबलामागे, मधे अध्यक्ष. खडूला आधी आत घेतलं होतं. ती बाहेर आली तेव्हा पिवळी टोपी हातात चुरगाळलेली होती आणि तिने माझ्याकडे बघितलं नाही. मला पट्टी घेऊन बोलावलं.

अध्यक्षांनी विचारलं, "जॉकी उभी राहिली हे व्हिडिओत दिसतंच आहे. ती म्हणते घोडी मंदावली नाही. तुमच्या चित्रावरून काय सांगता येतं?"

खडूचा सगळा हंगाम या उत्तरावर होता. मला हे ठाऊक होतं.

"मंदावली," मी म्हटलं. "थोडी. शेपटीवरून कळतं. जॉकी उभी राहिली नसती तर घोडी एकटी पहिली आली असती."

"धन्यवाद. तुम्ही जाऊ शकता."

मी गेले नाही. म्हटलं, "आणखी एक आहे. जुना खांब काढलेला नाही. त्याला रंगही दिलेला नाही. फोटोवाले अजून तिथेच उभे असतात. वरून, माझ्या खिडकीतून बघितलं तर शर्यत तिथेच संपते असं वाटतं."

"हे आधी कुणाला कळवलं होतंत?"

"नाही."

"मग आज का सांगताय? बहीण म्हणून?"

"बहीण आहे हे आधीच लेखी दिलंय. खांब माझ्या कामात येत नाही असं मला वाटत होतं. ते चूक होतं."

अध्यक्षांनी बाकीच्या दोघांकडे बघितलं. निकाल सही होऊन आला: खडूला दोन आठवडे शर्यतीत बसता येणार नाही. खांब उद्याच्या उद्या काढायचा.

मी तबेल्याकडे गेले. आईचा दोनदा फोन येऊन गेला होता. उचलला नाही. खडू मावशीला पाण्याने धूत होती. अंगावरून वाफ येत होती, तिच्याही आणि घोडीच्याही. मी दारात उभी राहिले.

"सांगितलंस ना खरं," ती पाठमोरीच म्हणाली.

"हो."

"मला वाटलंच होतं. घरात लाडू कुणी खाल्ले हे पण तूच सांगायचीस."

"तूच खायचीस."

तिचे खांदे हलले. हसत होती की काय ते मागून कळेना. मी विचारलं, "रेषेवर तुझं तोंड उघडं आहे. काय म्हणत होतीस?"

ती वळली. रडत होती. "मावशीला म्हणत होते, पळ, मी चुकले. पळ, मी चुकले."

मी पुढे झाले. तिच्या हातातला स्पंज घेतला आणि मावशीच्या मानेवरून फिरवला. ती शीर अजून उडत होती, त्या दिवसापेक्षा जोरात. मी हात तिथेच ठेवला. तेवढ्यात बाई आल्या. खडू ताठ उभी राहिली.

बाईंनी आधी घोडीचे चारही पाय हाताने चाचपले. मग म्हणाल्या, "दोन आठवडे ना? मावशीची पुढची रेस त्यानंतर आहे. तोवर सकाळचा सराव तूच द्यायचास आणि तबेला पण तूच झाडायचास."

"म्हणजे मोठा जॉकी..."

"तो आत्ताच येऊन विचारून गेला. मी म्हटलं, या घोडीवर तुला काय करायचंय? ती कुणाचं ऐकतेय थोडीच!" जाता जाता माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आणि तुम्ही. मान चोळता आहात की टेबल पुसता आहात? जरा जोर लावा."

मी जोर लावला.

२४ मार्च

सकाळी लवकर मैदानावर गेले. कॅमेरा बंद आहे. आज शर्यती नाहीत, मला कामही नाही. मुकादम जुन्या खांबाच्या जागी खड्डा बुजवत होता. पाइप फुटला होता आणि तो त्याला मनसोक्त शिव्या घालत होता. मला बघून म्हणाला, "मॅडम, आजपासून गवत बघा कसं वाळतंय ते."

मी कठड्याला टेकून उभी राहिले. चहा नव्हता, त्यामुळे आधी काही कळलं नाही. मग पायांखालून कळलं. धुक्यातून मावशी आली, एकटीच, खडू तिच्या पाठीवर सपाट. फट नाही, पडदा नाही, काप नाहीत. एक घोडी, पूर्ण, आणि इतकी जवळ की तिचा श्वास ऐकू आला, पळताना प्रत्येक झेपेसोबत एक. हे मला कुठल्याही पट्टीवर कधी दिसलं नसतं. खडूने मला बघितलं का, ठाऊक नाही. तिला मावशीचे कान बघायचे होते.

त्या दोघी खड्ड्याच्या पुढे गेल्या, नव्या रेषेच्या पुढे गेल्या, आणि लांबून बाईंचा आवाज आला, "अगं थांबव तिला!"

मावशी थांबली नाही.

आईला फोन केला. ती विचारायच्या आधीच सांगितलं, "दिसली मला. सगळी दिसली."

घरी येऊन बघितलं तर चष्म्यावर चिखलाचा एक थेंब. काचा रोज पुसून ठेवायची माझी सवय आहे. आज तशाच ठेवल्या आहेत.